बापाची खुर्ची

उमुएझे
१९ ऑक्टोबर २०१४

ओबिएचिना,

आशीर्वाद शेवटी लिहीन, पत्र संपेपर्यंत शिल्लक राहिले तर.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद हातात घ्यावाच लागतो, निदान फाडण्यासाठी तरी.

तुझ्या लग्नाची बातमी मला बाजारातून कळली. तुझी आई उझोमा नेहमीप्रमाणे पाम तेल विकायला बसली होती. मासळीवाल्या फिलोमिनाने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "काय गं, मुलाचं लग्न काढलंस आणि आम्हाला ताडीचा थेंबसुद्धा नाही?" मोबाइलवर पत्रिका होती. फिलोमिनाने ती साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी वाचली. 'डेव्हिड, श्री. क्लीटस अन्याडिके यांचे चिरंजीव.' डेव्हिड कोण ते उझोमाला कळेना. फोटो तुझा होता.

तुझं नाव ओबिएचिना आहे. या घराचं दार बंद न पडो, असा त्याचा अर्थ. तो तुला चालता येण्याआधीपासून मी तुला सांगत आले. लागोसमधल्या तुझ्या पास्टरला हे नाव रानटी वाटत असेल, तर त्याला सांग की तो जन्मायच्या आधीपासून मी रविवारच्या शाळेत बायबल शिकवत होते.

आता क्लीटस अन्याडिके. तो रस्त्याच्या वळणावर सायकली दुरुस्त करायचा. उझोमाला तो आवडला आणि मी हरकत घेतली नाही. तुझा जन्म त्याच्यापासून झाला. हे आम्ही कधी नाकारलं नाही, फक्त ते महत्त्वाचं मानलं नाही. तुझा बाप मी. उझोमाच्या बापाच्या दारात ताडीचे घडे घेऊन मी गेले होते, क्लीटस नव्हे. ज्याने ताडी नेली त्याची बायको, आणि बायकोची मुलं त्या घराची. नेणारी बाई असली तरी रीत तीच. इथल्या शेंबड्या पोराला हे कळतं. तू मला 'नना' म्हणायचास, बापाला म्हणतात तसं. ते तुला कोणी शिकवलं नव्हतं.

सत्तावीस डिसेंबरला आमाओजीला, नवरीच्या, ओलाएदोच्या बापाच्या अंगणात, दोन्हीकडची भावकी बसेल. वरबापाची खुर्ची मांडतील. त्या खुर्चीत बसून जो पहिला पेला हातात घेईल, तो दोन गावांदेखत तुझा बाप ठरेल. क्लीटस बसला तर तू अन्याडिके झालास. मग ओक्वुओसांच्या या घराला वारस नाही. मी डोळे मिटले की हे अंगण, तेलताडाची झाडं, माझ्या बापाची कबर, सगळं माझा चुलतभाऊ उडेन्झेदादा आणि त्याच्या मुलांकडे जाईल. त्यांना इथे सिमेंटच्या विटा पाडायच्या आहेत. कबरीवर यंत्र बसणार नाही असं ते म्हणतात. कबरीशेजारी बसेल.

त्या खुर्चीत मी बसणार. भावकी माझ्यासोबत येईल. पत्रिका पुन्हा छाप, तुझ्या खऱ्या नावाने. एवढंच मागते.

'मागते' हे घाईत लिहिलं. सांगते.

उडेआकू ओक्वुओसा

आशीर्वाद उरले आहेत. फार नाहीत.


१४ नोव्हेंबर

ओबिएचिना,

परवा तू उझोमाला फोन केलास. मी शेजारीच होते आणि फोनचा आवाज मोठा केलेला होता. हे तुला सांगायचं ती विसरली.

तू म्हणालास, "ममा, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. ओलाएदोचे वडील मोठे माणूस आहेत, चर्चमध्ये त्यांना मान आहे. त्यांना काय सांगू? माझा बाप हेडमिस्ट्रेस होती?"

"सांग की," उझोमा म्हणाली. "पेन्शन पण मिळते म्हणावं."

तू हसला नाहीस. "पास्टर म्हणतात, हा घराण्याला लागलेला शाप आहे. खऱ्या बापाच्या नावाने उभा राहिलो की सुटेल."

"आणि मी कोण रे? शापाची बायको?"

मग तू फोन ठेवलास. उझोमा फोन बंद करून मलाच म्हणाली, "असा तोंडाकडे काय बघतोस, मालक? मुलगा तुझ्यावर गेलाय. बोलणं आवडलं नाही की उठून जायचं."

क्लीटसचं नाव तुला तिनेच सांगितलं. तू विचारलंस, तिने सांगितलं. त्यावरून आमचं भांडण झालं. ते तुला लिहिण्याचं कारण नाही.

एका दिवसाचा प्रश्न, म्हणतोस. मग एका दिवसाचं ऐक.

माझा धाकटा भाऊ ओकेके युद्धात गेला. एकोणीस वर्षांचा होता, अंगात शाळेचाच शर्ट. पुढच्याच पावसाळ्यात वडील गेले. आम्ही चार बहिणी. तिघींची लग्नं झालेली होती, मी न्सुक्काच्या विद्यापीठातून पदवी घेऊन शाळेत शिकवत होते. एनुगूच्या एका इंजिनियरने मला मागणी घातली होती. वडिलांना पुरून माती ओली होती तोवर उडेन्झेदादा दोरी घेऊन अंगण मोजायला आला. मी विचारलं, "काय मोजतोस?" तो म्हणाला, "सहज." त्या दिवशी मी इंजिनियरला नकार कळवला. मी लग्न करून गेले असते तर या घरात कोंबड्या राहिल्या असत्या.

याला त्याग म्हणू नकोस. त्याग करणाऱ्या बायका मला आवडत नाहीत, त्या आयुष्यभर तेच सांगत बसतात.

पुढे हेडमिस्ट्रेस झाले आणि उझोमाला मागणी घातली. तिच्या आईने मला विचारलं, "मास्तरीणबाई, मुलीला मारणार तर नाही ना?" मी म्हटलं, "शाळेत मारते. घरी नाही." दाराआड कोणीतरी फिस्सकन हसलं. तीच उझोमा. मग तिच्या हातात ताडीचा पेला दिला आणि नवरा शोधायला गर्दीत सोडलं. तरणी पोरं तिला खुणावत होती, "इकडे गं, इकडे, म्हातारीकडे काय आहे!" ती सगळ्यांना ओलांडून सरळ माझ्यासमोर आली, गुडघे टेकले आणि पेला दिला. मी प्यायले. ताडी आंबट होती. तो माझा एक दिवस.

आता तुझा. तू पाच वर्षांचा असशील. शाळा तपासनीस घरी आले होते. कोलाचं फळ समोर ठेवलं, पाहुण्याचा मान म्हणून, पण ते फोडणार कोण? बाईने कोला फोडायचा नाही, ती पदवीधर असो की राणी. एरवी मी उडेन्झेदादाला बोलावणं पाठवायची, आणि तो मुद्दाम उशिरा यायचा. त्या दिवशी तू चड्डी सावरत मधे आलास. मी कोला तुझ्या हातात दिला. नखांनी फुटेना म्हणून तू दातांनी फोडलास. शकुनाच्या चार पाकळ्या निघाल्या, चांगल्या टपोऱ्या. तपासनीस उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या घरात पुरुष आहे." आयुष्यात मी अनेक तपासनीस पाहिले. उठून उभा राहिलेला तो एकच.

असे दिवस एकेकच असतात. तेव्हा एका दिवसाचं मला सांगू नकोस.

उत्तर पाठव. इंग्रजीत चालेल.

उ. ओ.


९ डिसेंबर

ओबिएचिना,

उत्तर नाही. ठीक. इकडची खबर तरी वाच.

हरमॅटनचा कोरडा वारा आणि त्याची धूळ यंदा लवकर आली आहे. ओठ फुटतात, बोलणं कमी होतं. उडेन्झेदादाला मात्र फरक पडलेला नाही. पंच्याऐंशी वर्षांचा, काठीशिवाय चालवत नाही, पण काल आमची झाडं बघताना काठी कुंपणाला टेकवून विसरला.

"हेडमिस्ट्रेस, ऐकलं. पोराला खरा बाप मिळाला. देवाची कृपा!"

"कोणत्या देवाची, दादा? जमिनी वाटणाऱ्या?"

"तू प्रत्येक गोष्ट वाकडीच घेतेस. मी तर भावकीला सांगितलंय, ती आहे तोवर तिला इथे राहू द्या."

"मी जन्मले त्या घरात?"

"बस तरी म्हण."

"बस. कोला मिळणार नाही. फोडणारा लागोसला असतो."

तो बसला, पाणी प्यायला आणि जाताना काठी घ्यायला परत आला. तेवढ्यात आणखी एक झाड बघून घेतलं.

आज सकाळी क्लीटस आला. सायकलवरूनच. मी त्याला वीसेक वर्षांत इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. नाक तुझं आहे, त्याला इलाज नाही. टोपी हातात धरून अंगणात उभा राहिला.

"मॅडम, मला काही नको," तो म्हणाला. "मुलगाच आला होता. मला दोन मुलगे आहेत, मी जिवंत आहे का एवढंही विचारत नाहीत. आणि हा मोटारीतून उतरला, अंगात सूट, आणि म्हणाला, 'बाबा'. मी काय करणार होतो?"

"नाही म्हणायचं," उझोमा स्वयंपाकघरातून ओरडली. "मी एकदा सायकलवर डबलसीट बसव म्हटलं होतं, तेव्हा कसं चटकन नाही म्हणालास! येतं की तुला!"

तो ओशाळला. मी त्याला कामाचं विचारलं. "त्या दिवशी तुझी भावकी येणार आहे का?"

"नाही, मॅडम. थोरला म्हणतो, आणखी एक वाटेकरी कशाला आणता? तो आला तर दारात उभा करणार नाही म्हणतो."

"मग तू त्या खुर्चीत एकटा बसणार?"

"मुलगा म्हणाला, माणसांची व्यवस्था तो करेल."

हे तुला माहीत होतं का? माहीत असणार, व्यवस्था तूच करतो आहेस. ज्या घराचं नाव तू लावतोस, त्या घराला तू नको आहेस. आणि ज्या घराला हवा आहेस त्याचं नाव पुसतोस. चाळिसाव्या वर्षी, पन्नासाव्या वर्षी, कधीतरी माणसाला गावाकडे घर बांधावंसं वाटतं. कुठे बांधशील? पास्टरच्या अंगणात?

क्लीटसला मी पाणी दिलं. कोला त्यालाही दिला नाही. जाताना तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तर मी आजारी पडतो, मॅडम." मी नको म्हटलं. माझी खुर्ची मला अशी कोणाच्या पोटदुखीने परत नको आहे. ती तू ओढून पुढे कर.

अजून वेळ आहे. मोटारीने लागोसहून एक दिवस लागतो.

उ. ओ.


२९ डिसेंबर

ओबिएचिना,

उझोमा काल परतली. आईने जायला हवं, म्हणून तिला मीच पाठवलं होतं. मी घरी होते. घर झाडून घेतलं, खिडक्या पुसल्या. याम कंदाची उकड जास्त झाली, ती कोंबड्यांना घातली.

तिने जे सांगितलं ते लिहिते. चुकत असेल तर दुरुस्त कर.

क्लीटसच्या डोक्यावर लाल टोपी होती. ती टोपी मान मिळालेल्या माणसाची असते. त्याची भाड्याची होती आणि कपाळावर उतरत होती. आमाओजीच्या वडीलधाऱ्याने हाक दिली, "वरबापाच्या भावकीने उभं राहावं." तेव्हा तुझे बँकेतले मित्र उभे राहिले, सगळे एकाच कापडाचे झगे घालून. एकाने काळा चष्मा लावला होता. वडीलधारा म्हणाला, "ही भावकी फारच तरुण आहे. म्हातारे सगळे शेतावर गेलेत काय?" अंगण हसलं. तूही हसलास, असं उझोमा म्हणते. ते मला तिने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

मग क्लीटसच्या हातात पेला दिला. तो टोपी सावरायला गेला आणि अर्धी ताडी झग्यावर सांडली. उरलेली तो प्यायला. झालं.

उझोमाला त्याच्या शेजारी बसवलं होतं. तुझ्या सासूने तिचा हात हातात घेऊन म्हटलं, "मिसेस अन्याडिके, तुमचा मुलगा फार गुणी आहे."

"मी मिसेस ओक्वुओसा," उझोमा म्हणाली. "हे गृहस्थ ओळखीचे आहेत. माझे मालक घरी आहेत, त्यांचे पाय दुखतात."

तुझी सासू क्लीटसकडे बघत राहिली, असं म्हणतात. तू मधे पडून काहीतरी इंग्रजीत बोललास. माझे पाय दुखत नाहीत, हे तुला माहीत आहे.

लग्नात सगळ्यांना वाटतात तसं प्लास्टिकचं एक घमेलं ती घेऊन आली. तळाशी तुम्हा दोघांचा फोटो आणि 'डेव्हिड आणि ओलाएदो'. मुलगी चांगल्या डोळ्यांची दिसते. तिला हे सगळं माहीत आहे का?

आज पहाटे उडेन्झेदादाचा निरोप आला. नव्या वर्षात भावकी बसणार आहे, ओक्वुओसांच्या अंगणाचा विचार करायला.

मीही विचार केला. फिलोमिनाच्या एका भाचीला, ओगेला, दिवस गेले आहेत. बाजारात वेण्या घालते ती. पोरगा पळाला आणि मामा तिला घराबाहेर काढतो आहे. मी उझोमाला म्हटलं, तिला घेऊन ये.

उझोमा थांबली. "तिला विचारणार का?"

"विचारायलाच बोलावते आहे."

"नाही, म्हटलं, मला विचारलं नव्हतंस. माझ्या बापाला विचारलं होतंस."

मी म्हटलं, चहा टाक.

उ. ओ.


२ फेब्रुवारी २०१५

ओबिएचिना,

तुझ्याकडून काहीच येत नाही, तरी लिहिते. या घरातली प्रत्येक मोठी गोष्ट तुला कळवायची माझी सवय आहे, तू वसतिगृहात होतास तेव्हापासूनची.

मी लग्न केलं.

ओगे बावीस वर्षांची आहे, बुटकी, तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी ओट्यावर बसून तिने माझीच परीक्षा घेतली.

"तुम्ही घोरता का?"

"घोरते."

"आणि उझोमामावशी?"

"ती झोपेत बडबडते."

"मग चालेल. आमच्या मामाकडे दोन्ही एकटा मामाच करतो." मग म्हणाली, "माझं दुकान मी सोडणार नाही. आणि मूल मोठं झालं, बापाचं नाव विचारलं, तर मी सांगणार. लपवणार नाही."

"सांग," मी म्हटलं. "फक्त खुर्ची कोणाची तेही सांग."

तिने उझोमाकडे पाहिलं. उझोमाने मान डोलावली. माझ्याकडे पाहून नाही.

पण भावकीने ताडी प्यायल्याशिवाय लग्न होत नाही, आणि उडेन्झेदादा म्हणाला, तो ओठाला लावणार नाही. "हेडमिस्ट्रेस, चौऱ्याहत्तराव्या वर्षी बायको? लोक हसतील!"

"तू ऐंशीव्या वर्षी तिसरी आणलीस तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. तुझं काय बिघडलं?"

"मी पुरुष आहे."

"म्हणूनच हसलो."

तो हटला नाही. मग मी माहेरवाशिणींना बोलावलं. या कुळात जन्मलेल्या सगळ्या लेकी, जिथे दिल्या तिथून आल्या. काही काठी टेकत, एक तर नातवाच्या मोटारसायकलवर. त्यांच्यात मी थोरली. आम्ही उडेन्झेदादाच्या अंगणात चटया टाकल्या आणि बसलो. माहेरवाशिणी बसल्या की त्यांना उठवता येत नाही आणि उपाशीही ठेवता येत नाही. त्याच्या सुना रांधून रांधून रडकुंडीला आल्या. एक बोकड गेला, मग दुसरा. आम्ही त्याच्या दोरीवर गाणी रचली, ज्या दोरीने त्याने माझ्या बापाचं अंगण मोजलं होतं तिच्यावर. तो खोलीतून बाहेर येईना.

शेवटी मी दाराशी जाऊन म्हटलं, "दादा, तुझ्या शवपेटीचं लाकूड तू निवडून ठेवलंयस, मला माहीत आहे. चांगलं लाकूड आहे. पण तू गेलास की तिच्याभोवती रात्रभर जागायला माहेरवाशिणी लागतात. आमच्यातली एकही येणार नाही. तुझ्या तीन बायका, भाड्याचा बँड आणि विटांचा कारखाना, एवढेच असतील. लोक विचारतील, हा कोणाचा होता?"

मग काठीचा आवाज आला. दार उघडून तो म्हणाला, "ताडी ताजी आहे का?"

ताजी होती. तो प्यायला, सगळी भावकी प्यायली. कोलाही त्यानेच फोडला, तोंड वाकडं करून. तीन पाकळ्या निघाल्या. चालतं.

ओगेने पेला घेऊन फेरी मारली. आठव्या महिन्याचं पोट घेऊन तिला गुडघे टेकता येईनात. मी म्हटलं, उभ्यानेच दे.

तुला तुझा बाप मिळाला, डेव्हिड. मला माझ्या घराची सोय करायची होती.

उ. ओ.


३० मार्च

श्री. डेव्हिड अन्याडिके यांस,

पाकिटावर या वेळी तुम्हाला हवं तेच नाव घातलं आहे. आधीची पत्रं कदाचित भलत्याच माणसाला गेली असतील.

ओगे बाळंत झाली. मुलगी झाली.

बातमी कळताच उडेन्झेदादा काठी न विसरता आला. चेहरा पोरासोरांसारखा खुलला होता. "मुलगी, हेडमिस्ट्रेस! अरेरे. एवढा खटाटोप केलास!"

"मी झाले तेव्हाही तुझे वडील हेच म्हणाले होते, दादा. त्या मुलीने तुला अजून विटा पाडू दिल्या नाहीत."

नाव ठेवायच्या दिवशी भावकी जमली. बाळ माझ्या मांडीवर होतं. मी नाव उच्चारलं.

"हे पुरुषाचं नाव आहे," उडेन्झेदादा म्हणाला. "मुलीला ठेवत नाहीत."

"मुलाला ठेवून पाहिलं," मी म्हटलं.

उझोमा उठून आत गेली. परतली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं. मला म्हणाली, "मालक, तू फार वाईट माणूस आहेस." आणि बाळ माझ्याकडून घेतलं.

तेव्हा तुमचं जुनं नाव आता वापरात आहे. तुम्ही ते टाकून दिलं होतं, पडून राहिलं असतं. या घराचं दार बंद न पडो. हे जिला सांगायचं ती सध्या दूध पिते आणि झोपते, म्हणजे तुमच्यापेक्षा जास्त ऐकते. अंगण, ताड आणि कबर तिची. ती मोठी झाली की तिला हवं तर लग्न करून जाईल, हवं तर माझ्यासारखी ताडी घेऊन कोणाच्या दारात जाईल. कोला मात्र तिला फोडता येणार नाही. त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. सापडेल.

तुमच्या लग्नातल्या घमेल्यात तिला आंघोळ घालतो. प्लास्टिक चांगलं आहे. तळाचा फोटो पुसट होत चालला आहे, नवरीचा आधी जातो आहे, का ते कळत नाही. ओलाएदोला एवढं सांगा की तिला कधी इथे यावंसं वाटलं तर दार उघडं असतं. तिला. तिने माझं काही घेतलेलं नाही.

यापुढे पत्र लिहिणार नाही. लिहिण्यासारखं जे होतं ते झालं.

एक गोष्ट आहे, पण ती लिहायची की नाही ते ठरत नव्हतं. नाव लांब आहे, आणि उझोमाला लाडाची नावं ठेवायला आवडत नाहीत. ती संध्याकाळी अंगणातून बाळाला पुऱ्या नावाने हाक मारते, मोठ्याने, तुम्हाला मारायची तशी. बाळ माझ्या मांडीवर असतं, मला पक्कं माहीत असतं. तरी मी फाटकाकडे बघते.

सवय आहे. मोडेल.

उडेआकू ओक्वुओसा